तीनशे दहा मीटरवरचा तणमोर

प्रिय हमीद,

जळालेल्या मोटारीची तार गुंडाळायचं हातमशीन, सायकलच्या दोन फ्रीव्हीलवर चालणारं. साठ अंडी उबवायची पेटी, जिचा पारा अर्ध्या अंशापेक्षा जास्त कधी हलला नाही. पाऊस मोजायचं नळकांडं. तुझ्या शिलाई मशीनला बसवलेली जुन्या मिक्सरची मोटार. बाभळीच्या तीन पायांचा स्टँड. आणि दोन नळ्या, म्हणजे आपल्या दोन घरगुती दुर्बिणी. पहिलीत पाखरं उलटी दिसायची. दुसरीत सुलटी, पण सांज झाल्यासारखी.

एवढं सगळं या दोन हातांनी केलं. 'दहावी नापास हातांनी', असं तू पुढे जोडायचास. समोर गिऱ्हाईक बसलेलं असलं तर हमखास!

आता हसायला तयार हो. या पावसाळ्यात मी एक स्पॉटिंग स्कोप, म्हणजे स्टँडवर लावायची एका डोळ्याची मोठी दुर्बीण, विकत घेतला. हो, विकत! डब्यातून निघालेला, तयार, दुसऱ्याच कोणीतरी घासलेल्या काचांचा. बावीस दिवस तपासला. काल तपासणी संपली, आणि निकाल सांगायला पाय आपोआप तुझ्या दुकानाकडे वळले. मानोऱ्याच्या बाजारात पोहोचलो तेव्हा लक्षात आलं. तिथे आता मोबाइलचे कव्हर विकणारा बसतो. मी स्कोप हातात घेऊन त्याच्या पायरीशी उभा. त्यानं खालीवर पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, याले कवर नाही भेटणार."

तुला हे ऐकून किती हसू आलं असतं! मी मात्र तसाच घरी आलो. पंधरा वर्षं जे काही तपासलं त्याचा निकाल आधी तुला सांगितला. दुसरं कोणी विचारत नाही रे. बायको विचारते, पण तिचं विचारणं वेगळं: "नळी गेली, आता हे आलं. माझी सवत काही घरातून जात नाही!" म्हणून आज लिहायला बसलो.

तुला आठवतं, पहिली नळी घेऊन आपण इंझोरीकडच्या धरणावर गेलो होतो? पुढची काच झेरॉक्स मशीनमधली, डोळ्याकडची फुटक्या दुर्बिणीतली, अंगाला पाण्याचा पाइप. मी मोठ्या ऐटीत तुला पाहायला सांगितलं. तू एक डोळा मिटलास आणि ओरडलास, "अबे सुक्या, तुह्या नळीत बदक पाठीवर पोहून राह्यलं!" काठावर कपडे धुणाऱ्या बायाही हसल्या. मी तीन महिने खपून आणखी एक काच घातली. बदक सुलटं झालं, पण अंधारात बुडालं. तू एवढंच म्हणालास, "आता कपडा बरोबर शिवला, पण रंग उडाला."

तू शिंपी होतास, पाखरंही तशीच पाहायचास. कुठल्या पक्ष्याची कॉलर कशी, बाही कुठून जोडली, अस्तर कोणतं. मी पुस्तकातली लांबी सेंटिमीटरमध्ये सांगायचो आणि तू म्हणायचास, "इंचात सांग, माह्यी टेप इंचाची हाय." बदकांतलं हळदीकुंकू बदक तुला सगळ्यात आवडायचं. म्हणायचास, साऱ्या तलावात ही एकच बाई सणाला निघाल्यासारखी दिसते.

आणि आपली वही! तिच्या पहिल्या पानावर माझ्या अक्षरात नियम लिहिला आहे: दोघांनी सोबत पाहिलं तरच नोंद. हा नियम कसा झाला ते तू कधी कोणाला सांगितलं नाहीस, म्हणून आज मीच लिहितो. एका हिवाळ्यात मी एकट्यानं गरुड पाहिल्याचं तुला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच झाडावर तू घार दाखवलीस. पंख पसरलेले, शेपटीला खाच, साधी घार. आठवडाभर तू प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत होतास, "मिस्त्रीचा गरुड पाह्यला काय?" त्या फजितीवर पांघरूण घालायला मी नियम केला. तुला मान्य होता का, ते विचारलंही नाही. तू फक्त म्हणालास, "लिह्य. तुह्यं अक्षर चांगलं हाय."

तोच नियम पुढे तुझ्यावर चालवला.

मागच्या श्रावणातली ती सकाळ. एका विहिरीची मोटार जळून आली होती, म्हणून मी माळावर आलो नाही. तू एकटाच गेलास. दहाच्या सुमाराला आलास तो गुडघ्यापर्यंत भिजलेला, विजारीला कुसळं चिकटलेली.

"मिस्त्री, मशीन बंद कर."

"काहून? पाच वाजेपर्यंत मोटार द्याची हाय."

"अबे बंद कर म्हणतो न! मले तणमोर दिसला."

तणमोर! आपण पंधरा वर्षं ज्याचं फक्त नाव घेत होतो. एरवी गवतात मान खाली घालून राहणारं कोंबडीएवढं पाखरू. पावसाळ्यात तेवढा नर गवताच्या वर उडी मारतो, दोन सेकंद दिसतो आणि पुन्हा गवतात गडप. त्याचं साधं चित्रही आपल्याजवळ नव्हतं. माझ्या जुन्या पुस्तकात त्याच्यावर चार ओळी होत्या, त्याही अर्ध्या वाळवीनं खाल्लेल्या.

मी मशीन बंद केलं, तुला पाणीही विचारलं नाही आणि प्रश्न सुरू केले. किती लांब? उजेड कोणत्या बाजूचा? किती वेळा? तुझ्या त्या जुन्या दुर्बिणीची काच पुसलेली होती का?

"पाच डाव उडालं. माणसाच्या डोक्याइतकं वर येते, हवेत पंख झाडते अन् दगडावानी खाली जाते. गळा अन् पोट काळं, शेरवानी घातल्यावानी. खांद्यावर पांढरा कपडा. अन् कानामांगून तुरे. बारीक तार मांगं वळवावी तसे, टोकाले चमच्यावानी चपटे."

"तुरे किती?"

"उडत्या पाखराचे तुरे मोजू काय बे? तू मोज तुह्ये तारेचे फेरे!"

मी म्हणालो, मोराचं पिल्लू असेल. तुझा चेहरा तेव्हा कसा झाला ते मला चांगलं आठवतं. नवी शेरवानी घालून पाहणाऱ्यानं पहिल्याच शब्दाला 'बगलेत दाटते' म्हणावं, तसा.

पुढच्या तीन सकाळी आपण दोघं गेलो. पळसाखाली बसलो, तू डावीकडे, मी उजवीकडे. बारीक भुरभुर चालू होती. पाच मिनिटांत नळीच्या आत वाफ धरली. मी पुसत होतो, काच मागेपुढे करत होतो. तिसऱ्या दिवशी तू माझा दंड धरलास, "थे पाह्य, उडालं! त्या दगडाच्या अंगानं!" मी नळीत डोळा घातला. आत सगळं हिरवं, ओलं, धुरकट. काही नाही.

"दिसलं काय?"

"नाही."

"मंग नळी सोड न, साध्या डोयानं पाह्य! अजून उडन थे."

मी नळी सोडली नाही. का सोडली नाही, हमीद? एक क्षण मान वर केली असती तर दिसलं असतं. पण मला ते माझ्या नळीतून पाहायचं होतं.

येताना रस्त्यात तू विचारलंस, "वहीत लिहशीन काय?" मी नाही म्हणालो. नियम आहे. तू थोडं चालून थांबलास. "तुह्या नळीले दिसलं नाही म्हणून पाखरू नोयतंच काय? अबे, माह्यावर यकीन नाही काय तुले?"

मी नळी खांद्यावर टाकून पुढे चालू लागलो. आणि त्याहून वाईट नंतर केलं. दिवाळी झाल्यावर गवत कापलं गेलं, तेव्हा एकटाच माळावर जाऊन पळसापासून त्या दगडापर्यंत तार टाकून अंतर मोजलं. तीनशे दहा मीटर. मग तुझ्या दुकानात येऊन, दोन गिऱ्हाइकांसमोर, हिशेब मांडून दाखवला की आठ पट दुर्बिणीतून एवढ्या अंतरावरचे तुरे दिसणं अशक्य आहे. तू कात्री खाली ठेवली नाहीस. कापता कापता म्हणालास, "मी माप घेतलं नोयतं. मी पाह्यलं."

त्याच दिवसांत तू मला स्कोप घ्यायला सांगत होतास. अर्धा-अर्धा घेऊ म्हणालास. एका साध्या मोबाइलच्या भावात येतो, विचारपूस केली आहे, असंही म्हणालास. मी काय म्हणालो? "थे प्लास्टिकचं खेळणं हाय. संक्रांतीपर्यंत तिसरी नळी बनवतो. वाफ नाही धरणार." तुला ऑप्टिक्समधलं काय कळतं, असं मनात म्हणालो. तोंडानं म्हणालो नाही, पण तुला ऐकू गेलं असेल. तुला कपड्याची घडी न उलगडता आतलं भोक कळायचं.

संक्रांत आली. तिसरी नळी झाली नव्हती. तू जानेवारीतच गेलास, मशीनवर बसल्या बसल्या, कोणाच्या तरी पोराच्या शाळेच्या शर्टाला बटणपट्टी लावताना. मी इंझोरीला एका विहिरीवर मोटार उतरवत होतो. फोन आला तेव्हा हात ग्रीसनं माखलेले. तसाच आलो. कब्रस्तानात माती द्यायची वेळ आली तेव्हा माझ्या मुठीतल्या मातीला ग्रीस लागलं. तेवढ्यातही मनात आलं, हमीद म्हणेल, डाग पाडला मिस्त्रीनं.

मग स्कोप का घेतला? तुझ्यामुळेच. जेठ महिन्यात रुकैया भाभीनं बोलावलं. दुकान खाली करून द्यायचं होतं, मशीनची मोटार काढून न्या म्हणाल्या. ड्रॉवरमध्ये तुझी मापाची वही होती. भाभी म्हणाल्या, "यात तुमचं बी नाव हाय, भाऊ." मला वाटलं, कधीतरी शिवलेल्या सदऱ्याचं माप असेल. छाती अडतीस, बाही साडेतेवीस, ते होतंच. त्याच्याखाली शिसपेन्सिलीनं:

'सुखदेव. चष्मा लावतो. डोळा काचेपासून लांब राहते. पंधरा मिमी तरी पाहिजे, नाही तर कडा काळ्या दिसन. पुढची काच साठ मिमीची. वीस ते साठ पट. तिरप्या मानेचा, म्हणजे याची मान दुखणार नाही.'

तू माझं माप घेतलं होतंस! मला न सांगता! आणि बरोबर घेतलं होतंस. आधी डोळा आणि काच यांतलं अंतर, ज्याच्याशिवाय चष्मेवाल्याला अर्धंच चित्र दिसतं. माझ्या दोन्ही नळ्यांत मी त्याचा विचार केला नव्हता. दोन वर्षं मी चष्म्यासकट, डोळा बारीक करून, कडा काळ्या पाहत होतो आणि दोष काचेला देत होतो.

भाभी चहा ठेवायला आत गेल्या. बरं झालं.

तर आता निकाल ऐक. कंपनीचं नाव सांगत नाही, तुला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. वजन डब्यावर नऊशे ऐंशी ग्रॅम लिहिलंय. किराणा दुकानाच्या काट्यावर पिशवीसकट एक किलो एकशे चाळीस भरलं. सोबत दिलेला छोटा स्टँड फेकण्यासारखा. माशी बसली तरी चित्र हलतं. मी आपल्या बाभळीच्या स्टँडवर पितळी पट्टी ठोकून पाव इंची बोल्टनं तो बसवला. आता बैलानं धक्का मारला तरी हलणार नाही. म्हणजे थोडं तरी माझ्या हाताचं आहेच, टोमणा मारू नकोस.

शाळेच्या भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं, टेप लावून शंभर मीटर मोजले. वीस पटीवर मथळे आणि पोटमथळे स्वच्छ. चाळीसवर, सकाळच्या गार हवेत, बातमीची अक्षरंही वाचता येतात. साठवर तीच अक्षरं मोठी होतात पण एकही नवं अक्षर कळत नाही. दुधात पाणी वाढवल्यासारखं. साठ हा आकडा डब्यावर छापण्यापुरता. चाळीसपर्यंत माल इमानदार.

दुपारच्या उन्हात बगळा पाहिला तर त्याच्या पाठीच्या कडेला जांभळी रेघ येते. तू म्हणाला असतास, साडीचा पिको बरोबर झाला नाही. सकाळी ती रेघ नसते. फोकसच्या चाकाला पाव फेऱ्याची ढील आहे, सवयीनं जमतं. सूर्य बुडाल्यावर अठरा मिनिटं टिटवीचे पाय मोजता आले. आपल्या नळीत टिटवीच सापडायची नाही. भुरभुर पावसात एक तास उघडा ठेवला. आत वाफ नाही. आणि डोळ्याचं अंतर? पातळ कागदावर उजेडाचा गोल पाडून, पट्टी लावून मोजलं. वीसवर सतरा मिलिमीटर. चष्म्यासकट अख्खं चित्र, कडेपर्यंत! धरणावर पहिल्यांदा डोळा लावला आणि हळदीकुंकू बदकाच्या चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके दिसले. आपण पंधरा वर्षं ते पुस्तकावर विश्वास ठेवून लिहीत होतो.

तपासणीच्या सतराव्या दिवशी माळावर गेलो. ठिकाणाचं नाव इथेही लिहीत नाही, तुला माहीत आहे.

पळसाखाली बसलो. डावीकडची जागा सोडून. सवयीनं डबाही दोघांचा नेला होता. सहा वाजून पन्नास मिनिटं. उजेड पाठीमागून. स्कोप वीसवर, रोख दगडावर. तीनशे दहा भागिले वीस, साडेपंधरा मीटर. म्हणजे तुझ्या दुकानातून समोरच्या हॉटेलातला माणूस दिसावा इतकं जवळ.

आधी आवाज आला. वाळक्या शेंगा हलवल्यासारखा. आणि गवतातून तो वर आला, हमीद. काळा गळा, काळं पोट. खांद्यावर पांढरा कपडा. मान मागे टाकलेली. आणि कानामागून तुरे, बारीक तार वळवल्यासारखे, टोकाला चपटे. चमच्यावानी.

"दिसला! हमीद, दिसला रे!" मी डावीकडे वळून मोठ्यानं म्हणालो.

तिकडे ओलं गवत होतं आणि डबा.

त्यानं त्या सकाळी नऊ उड्या मारल्या. शेवटच्या दोन मी तुझ्या जुन्या दुर्बिणीतून पाहिल्या. भाभीकडून मागून आणली होती. काळं दिसलं, पांढरं दिसलं. तुरे मला नाही दिसले. माझा हिशेब माझ्या डोळ्यांपुरता बरोबर होता. तुझ्या डोळ्यांचा त्यात आकडाच नव्हता. दिवे गेलेल्या दुकानात तू सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवायचास, हे मी शंभर वेळा पाहिलं होतं. आणि चित्र कधीही न पाहता तू तुऱ्यांचं टोक सांगितलंस. ते तू कुठून आणणार होतास, न पाहता?

खरं सांगू? मला मागच्या श्रावणातही शंका नव्हती. तू पाहिलं, आणि माझ्या दोन वर्षं खपलेल्या नळीनं दाखवलं नाही, हे मला सोसलं नाही. नियम हा बहाणा होता.

त्या दिवशी घरी येऊन वही उघडली. तुझी नोंद करायला. पेन हातात घेतलं आणि थांबलो. नियम माझाच, अक्षर माझंच. तू एकट्यानं पाहिलेलं, मी एकट्यानं पाहिलेलं. सोबत काहीच नाही. आणि आता सोबत होणारही नाही. पान कोरं ठेवून वही मिटली.

तीन दिवसांनी नागपूरकडचा एक फोटोवाला गाडी घेऊन माझ्या दुकानात आला. चूक माझीच. स्कोप घेण्याआधी मोबाइलवरच्या पक्षीवाल्यांच्या गटात मी प्रश्न टाकला होता: तीनशे दहा मीटर, उंच ओलं गवत, श्रावणातली सकाळ, दोन सेकंद दिसणारी वस्तू, किती पट पुरेल? ठिकाण लिहिलं नाही, पाखराचं नावही लिहिलं नाही. माझ्या मते मी फार हुशारी केली होती.

तो हसत म्हणाला, "सुखदेवजी, श्रावणात गवतावर दोन सेकंद दिसणारी वस्तू एकच असते. तुमच्या प्रश्नातच उत्तर होतं." अचूक लिहायची खोड, दुसरं काय!

माणूस गोड बोलणारा. स्कोपची तारीफ केली, स्टँडला हात लावून पाहिला, उबवणी पेटीही पाहिली. मला बरं वाटलं, लपवत नाही. किती महिन्यांनी कोणीतरी विचारत होतं, हे कसं केलं, ते कसं केलं. मी त्याला आपल्या वहीबद्दल सांगितलं. तुझ्याबद्दल सांगितलं. नियमही सांगून बसलो.

त्यानं लगेच धागा पकडला. "मग सोपं आहे. एक सकाळ आपण दोघं सोबत बसू. मी पाहीन, तुम्ही पाहाल, फोटोही येईल. तुमच्या वहीत माझी सही. त्याखाली तुमच्या मित्राची जुनी नोंदही पक्की होईल. त्यांचं नाव फोटोसोबत छापून आणतो." वर पैशांचा एक आकडा बोलला.

"बसायचं कुठं?" मी विचारलं.

"गवतात. पन्नास फुटांवर तंबू लावू. गाडी तिथपर्यंत नेऊ, सामान जड आहे."

"त्याच गवतात मादी अंड्यांवर असन."

"काळजी घेऊ ना."

मी तिथल्या तिथे नाही म्हटलं नाही. खोटं कशाला लिहू? दोन दिवस मागितले. दोन दिवस मी वहीचं ते पान उघडत होतो आणि मिटत होतो. पाखरू काय, उडून दुसऱ्या माळावर जाईल, असंही स्वतःला समजावून पाहिलं. दुसरा माळ उरलेलाच नाही, हेही मला माहीत होतं. तुझं नाव छापून येणार, पुराव्यासकट, आणि मग मला माझ्याच नियमाला हात लावावा लागणार नाही. किती सोयीचं होतं!

तिसऱ्या दिवशी तो आला. आकडा वाढवला. गाडीतून उतरता उतरता सहज विचारलं, "पण एक सांगा, तो टेलर, त्यानं नक्की पाहिला होता ना? एवढ्या लांबून? की मोराचं पिल्लू वगैरे?"

हमीद, तो माझ्याच आवाजात बोलत होता.

मी खुर्चीवरून उठलो. "त्यानं पाह्यला म्हणजे पाह्यला," मी म्हणालो. "त्याले साक्षीदार लागत नाही. तुमी निघा."

तो गोंधळला. त्याला वाटलं मी भाव वाढवतोय. आणखी एक आकडा बोलला. मी मशीन चालू केलं, म्हणजे त्याचं पुढचं ऐकू येऊ नये. थोडा वेळ उभा राहून तो गेला.

किती साधं वाक्य होतं ते! मागच्या श्रावणात, भिजलेली विजार घेऊन तू समोर उभा होतास तेव्हा हे म्हणायला माझं काय जात होतं? एका परक्या माणसाला सांगितलं, आणि तुला सांगायचं राहिलं.

आज सकाळी वही उघडली. पहिल्या पानावरच्या नियमावर पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली. मग तुझ्या तारखेला, तुझ्या शब्दांत नोंद केली: 'तणमोर, नर. पाच डाव उडाला. हमीदनं एकट्यानं पाहिला.' सेंटिमीटर लिहिले नाहीत. माझी नोंद केली नाही. ती तुला सांगितली, तेवढं पुरे.

आणि एक वचन देतो. पंधरा वर्षांत मी नाकारलेल्या तुझ्या अकरा नोंदी मला पाठ आहेत. तुला वाटायचं मी विसरलो. विसरलो नाही, तारीख, वेळ, तू काय म्हणालास, मी काय म्हणालो, सगळं पाठ. त्यातली एक आज झाली. उरलेल्या दहा या पावसाळ्यात लिहीन, एकेक करून, आधी त्या त्या जागी जाऊन, तू जिथे उभा होतास तिथे उभा राहून. आणि त्या माळाचा रस्ता माझ्या तोंडून कोणाला कळणार नाही. प्रश्न विचारूनसुद्धा नाही.

तू विचारशीलच, कितीला नाही म्हटलं बे? ऐक. एका सकाळचे, फक्त रस्ता दाखवायचे: पहिल्या दिवशी वीस हजार, तिसऱ्या दिवशी चाळीस, आणि मी मशीन चालू केलं तेव्हा साठ. साठ हजार रुपये, रोख. नाही म्हटलं.

तुझा,
सुखदेव मिस्त्री